‘ध’चा ‘मा’ आणि निकालाचा कागद

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



न्याय या विषयावर मराठीत व्याख्यान ठेवले, की पहिल्या पाच मिनिटांत रामशास्त्री प्रभुणे व्यासपीठावर येतात. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, संशय रघुनाथरावांवर आला आणि शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगून पुण्याकडे पाठ फिरवली. एवढे सांगितले की टाळ्या पडतात आणि वक्ता मूळ विषयाकडे वळतो. पण त्याच कथेत एक कागदही आहे. नारायणरावांना ‘धरावे’ असा हुकूम होता आणि कोणीतरी ‘ध’चा ‘मा’ केला, अशी आख्यायिका आहे. इतिहासकारांना ती पटो न पटो, मराठी भाषेने ती कधीच स्वीकारली. मजकुरातले एखादे अक्षर फिरवून माणसाचे वाटोळे केले, की आजही आपण हाच शब्दप्रयोग वापरतो. शास्त्रीबुवांवर व्याख्याने झाली, नाटके झाली, चित्रपट निघाले. त्या कागदाकडे मात्र कोणी फारसे वळून पाहिले नाही.

आजचे व्याख्यान त्या कागदाच्या बाजूने आहे. विषय आहे मुंबई उच्च न्यायालयाचे गेल्या चार-पाच वर्षांतले काही निकाल. त्यांत घरांचे आहेत, रस्त्यांचे आहेत, फाशीचे आहेत आणि नोकरीचेही आहेत. १८६२ साली सुरू झालेल्या या न्यायालयाचा कारभार आज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातील पर्वरी इथून चालतो. ऑगस्ट २०२५ पासून त्यात कोल्हापूरची भर पडली आहे. त्याच्या निकालांची बातमी येते ती ठरावीक शब्दांत. सरकारला ‘दणका’, पोलिसांवर ‘ताशेरे’, रहिवाशांना ‘दिलासा’. वाचणाऱ्याला वाटते की आत घटनेच्या मोठमोठ्या तत्त्वांची झुंज झाली असणार. निकालपत्र उघडावे तर पानामागून पान भलत्याच गोष्टींवर खर्च झालेले दिसते. परवानगीचा क्रमांक खरा होता का? मंजुरीची तारीख दखल घेण्याच्या आधीची की नंतरची? पंचाला वाचता येत होते का? हजेरीपटावर नाव कोणाचे होते? बहुतेक खटल्यांचे बरेवाईट अशाच प्रश्नांपाशी ठरले आहे.

परवानगी

सुरुवात डोंबिवलीपासून करू. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारती बेकायदा ठरवून त्या तीन महिन्यांत पाडाव्यात, असा आदेश उच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. बेकायदा बांधकाम म्हटले की डोळ्यांपुढे चोरून चढवलेला मजला किंवा नाल्यावर टाकलेली पत्र्याची शेड येते. इथला प्रकार वेगळाच होता. या इमारतींच्या मागे कागद होते आणि ते व्यवस्थित होते. पालिकेच्या नावाने बनवलेली बनावट बांधकाम परवानगी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, दाखल झाली होती आणि त्या आधारावर प्रकल्पांना नोंदणी क्रमांकही मिळाला होता. एका वास्तुविशारदाने हे प्रकरण न्यायालयात नेले.

आता घर घेणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावे. महारेरा २०१७ पासून ग्राहकाला एकच गोष्ट बजावत आली आहे : नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय घर घेऊ नका. या मंडळींनी तो पाहिला होता. सरकारच्या एका यंत्रणेने दिलेल्या क्रमांकावर विश्वास टाकला आणि दुसऱ्या यंत्रणेने सांगितले की आम्ही परवानगी दिलीच नव्हती. दोन्ही कार्यालये एकाच राज्याची, पण एकाने दुसऱ्याला कधी ‘हे पत्र तुमचेच ना’ असे विचारले नव्हते. पुढे बांधकाम परवानगीचे प्रमाणपत्र थेट संबंधित पालिकेकडून पडताळून घेण्याची पद्धत आली. आदेशाची मुदत जवळ येऊ लागली तसे रहिवासी रस्त्यावर उतरले आणि राज्यकर्त्यांनी त्यांना आधाराचे शब्द दिले. कायद्याच्या अंगाने न्यायालयाची बाजू सरळ होती. बनावट परवानगीवर उभे राहिलेले बांधकाम ‘लोक राहतात’ एवढ्या कारणाने वैध ठरवले, तर उद्या खरी परवानगी काढायला कोण जाईल? पण ‘ध’चा ‘मा’ केला एकाने आणि सामान आवरायची वेळ आली दुसऱ्यावर, हे त्या निकालानंतरही तसेच राहिले.

गोव्यातला कागद बनावट नव्हता. तो विधानसभेतून आला होता. तिथल्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे पोटकलम घालण्यात आले. प्रादेशिक आराखड्यात नजरचुकीने काही चूक राहिली असेल, तर मुख्य नगर नियोजकाने ती दुरुस्त करावी, असा त्याचा दर्शनी अर्थ. चूक दुरुस्त करायला कोणाची ना असणार? पण अर्ज येऊ लागले ते एकेका भूखंडाचे. ‘गोवा फाउंडेशन’ आणि इतरांनी आव्हान दिले आणि १३ मार्च २०२५ रोजी गोव्यातल्या खंडपीठाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या. पोटकलमाचा अर्थही संकुचित केला : त्याच्या आधारे आराखड्यात तुकड्यातुकड्याने बदल करता येणार नाही. शेतजमिनीवर वसाहत दाखवण्यासाठी नकाशावरचा रंग बदलावा लागतो. तो बदलण्याला ‘दुरुस्ती’ म्हणायचे की नाही, एवढ्या एका शब्दावर गोव्यातल्या कितीतरी डोंगरउतारांचे आणि भातखाचरांचे भवितव्य टांगलेले होते.

रस्त्यांच्या बाबतीत तर कागदच सापडत नसे. खड्ड्यात पडून माणूस गेला, की तो रस्ता कोणाचा यावरून वाद सुरू होतो. पालिका प्राधिकरणाकडे बोट दाखवते, प्राधिकरण बांधकाम खात्याकडे, खाते ठेकेदाराकडे. २०१३ साली न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईतल्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्राची स्वतःहून जनहित याचिका करून घेतली. बारा पावसाळे गेले. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने आकडे घालून आदेश दिला. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये. जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख. रक्कम आधी संबंधित यंत्रणेने द्यायची आणि मग दोषी अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची.

सहा लाखांत माणसाची किंमत होते का, असे कोणीही विचारील. होत नाहीच. पण या आदेशात खरी भर आकड्यापेक्षा क्रमात आहे. आजवर अपघातग्रस्ताच्या घरच्यांना आधी रस्त्याचा मालक शोधावा लागे, मग निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे आणि मग दिवाणी न्यायालयाच्या तारखा मोजाव्या लागत. आता या आदेशानुसार नेमलेली समिती दावा तपासणार, यंत्रणा पैसे देणार आणि कोणाचा खड्डा हे भांडण यंत्रणांनी आपापसांत करायचे. जबाबदारीचा जो कागद कोणालाच सापडत नव्हता, तो शोधण्याचे काम प्रथमच त्यांच्या गळ्यात आले आहे.

पंचनामा

फौजदारी न्यायालयात कागदाचे वजन किती असते, हे २१ जुलै २०२५ च्या सकाळी साऱ्या मुंबईला कळले. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते. पहिल्या वर्गाचे डबे फाटले, १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. त्यांतला फाशीचा एक कैदी २०२१ साली नागपूर कारागृहात करोनाने मरण पावला. दहा वर्षांनी न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी सगळ्या बारा जणांना निर्दोष सोडले.

शहर हादरले. ज्यांच्या घरातले माणूस त्या संध्याकाळी परतलेच नाही, त्यांनी विचारले, मग आमची माणसे मारली कोणी? या प्रश्नाला निकालपत्रात उत्तर नाही आणि ते देणे न्यायालयाचे काम नव्हते. त्याचे काम समोर ठेवलेला पुरावा तोलण्याचे होते आणि तो तोलताना एकेक वजन गळत गेले. ओळख परेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. आरोपींना नेले असे सांगणारे टॅक्सीचालक शंभराहून अधिक दिवस गप्प होते. हस्तगत केलेली स्फोटके आणि इतर मुद्देमाल प्रयोगशाळेपर्यंत सीलबंद आणि अबाधित पोहोचला, हे दाखवता आले नाही. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, एवढेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही.

सर्वांत महत्त्वाचे होते कबुलीजबाब. सर्वसाधारण कायद्यात पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. १९९९ च्या मोक्का कायद्याने अपवाद केला : पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली ग्राह्य धरता येते, मात्र ती स्वेच्छेने दिल्याची खात्री त्याने करून घेतली पाहिजे आणि तसे लिहून ठेवले पाहिजे. अधिकार मोठा, म्हणून अट कडक. इथे वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतले मजकूर एकमेकांच्या नकला वाटावेत इतके सारखे निघाले आणि वैद्यकीय कागदांवरून छळाच्या तक्रारीला बळ मिळाले. न्यायालयाने म्हटल्याचा आशय असा, की गुन्हा उकलल्याचा खोटा देखावा उभा राहिला तर खरा गुन्हेगार मोकळाच राहतो आणि लोकांची फसगत होते. तीन दिवसांनी, २४ जुलै रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सांगून त्याच्या तेवढ्या परिणामाला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

नागपूर खंडपीठातले प्रा. जी. एन. साईबाबा यांचे प्रकरण याहून नाट्यमय आहे. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा, व्हीलचेअरवर वावरणारा हा माणूस; माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून मे २०१४ मध्ये अटक झाली आणि गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये जन्मठेप दिली. यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटला चालवायचा तर सरकारची आगाऊ मंजुरी लागते आणि त्याआधी एका स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा तपासून शिफारस करावी लागते. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी खंडपीठाने पाहिले की साईबाबांच्या बाबतीत न्यायालयाने खटल्याची दखल आधी घेतली आणि मंजुरी नंतर आली. इतरांच्या बाबतीतली शिफारसही कारणे न देता उरकलेली. खटला मुळातच अवैध ठरला. राज्य सरकारने लगोलग धाव घेतली, दुसऱ्या दिवशी शनिवार असूनही सर्वोच्च न्यायालय खास बसले आणि सुटका थांबली. एप्रिल २०२३ मध्ये तो निकाल रद्द करून प्रकरण नव्या खंडपीठाकडे परत गेले.

५ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती विनय जोशी आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझिस यांनी पुन्हा निर्दोष मुक्तता केली आणि या वेळी मंजुरीबरोबर पुरावाही तपासला. त्यात एक बारीकसा तपशील आहे. साईबाबांच्या दिल्लीतल्या घराच्या झडतीसाठी पोलिसांनी जो पंच घेतला, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. विद्यापीठाच्या परिसरात, जिथे दगड भिरकावला तरी पदवीधराला लागावा, तिथे पंच मिळाला तो निरक्षर! संगणक, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह यांच्या पंचनाम्यावर त्याची सही. पंच कशासाठी असतो? पोलिसांव्यतिरिक्त कोणीतरी डोळ्यांनी पाहिले, कागद वाचला, मग सही केली, म्हणून. साईबाबा ७ मार्चला नागपूर कारागृहाबाहेर आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादेत मरण पावले. बाहेरचे आयुष्य सात महिन्यांचे मिळाले. त्यांचा एक सहआरोपी अपील प्रलंबित असतानाच कोठडीत वारला होता.

कागद वेळेवर न हलल्यानेही निकाल बदलतो. लहान मुलांना पळवून त्यांचे खून केल्याबद्दल कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. दयेचा अर्ज मात्र जवळजवळ आठ वर्षे फिरत राहिला. १८ जानेवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने या दिरंगाईमुळे फाशीची जन्मठेप केली. गुन्ह्याच्या क्रौर्याबद्दल न्यायालयाला तिळमात्र शंका नव्हती. पण फाशीच्या छायेत माणसाला वर्षानुवर्षे बसवून ठेवणे ही वेगळी शिक्षा आहे आणि ती देण्याचा अधिकार मंत्रालयातल्या टेबलांना नाही. ईमेलच्या जमान्यात फाइल अशी कासवाच्या गतीने का गेली, याचे समाधानकारक उत्तर सरकारकडे नव्हते.

आता उलट बाजू. कागदाला चिकटून राहणे म्हणजेच न्याय, असे कोणी समजू नये म्हणून नागपूर खंडपीठाचाच १९ जानेवारी २०२१ चा एक निकाल आठवला पाहिजे. बारा वर्षांच्या मुलीच्या छातीला कपड्यांवरून हात लावणे हा पोक्सो कायद्याखालचा लैंगिक हल्ला होत नाही, कारण त्वचेचा त्वचेला स्पर्श झालेला नाही, असे त्यात म्हटले होते. कलमात ‘स्पर्श’ आणि ‘शारीरिक संपर्क’ हे शब्द होते. ‘त्वचा’ हा शब्द नव्हताच. तो न्यायालयाने आपल्या पदरचा घातला. सर्वोच्च न्यायालयाने आठवडाभरात स्थगिती दिली आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला निकाल फिरवला. कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे, त्यात महत्त्व हेतूला आहे, असे त्याने सांगितले. अक्षर अक्षर पाळतो असे म्हणतानाही ‘ध’चा ‘मा’ होऊ शकतो, आणि तो करणारा दरवेळी कारकूनच असतो असे नाही.

हजेरीपट

नोकरीच्या दाव्यांत कागद जवळजवळ नेहमी मालकाकडे असतो. मस्टर त्याचे, पगारपत्रक त्याचे, नेमणुकीचे पत्र दिले तर त्याने दिलेले. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे बारा महिन्यांत सलग २४० दिवस भरलेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे लागते. म्हणून २४० भरू द्यायचे नाहीत. कामगारांच्या भाषेत याला ‘ब्रेक देणे’ म्हणतात : दोनशेच्या पुढे गेला की आठ दिवस घरी बस, मग नव्या नावाने, नव्या कार्डावर ये. राज्याचा १९७१ चा एमआरटीयू-पल्प कायदा, ज्याला कोर्टात सगळे नुसते ‘यूएलपी’ म्हणतात, अशा खेळीला अनुचित कामगार प्रथा ठरवतो. वर्षानुवर्षे माणसाला तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे, हे त्याच्या चौथ्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे.

मुंबईचा कचरा उचलणाऱ्यांची लढाई याच मैदानावर झाली. ‘कचरा वाहतूक श्रमिक संघा’ने २,७०० कामगारांसाठी दावा लावला, तेव्हा महापालिकेचे म्हणणे होते की ही माणसे ठेकेदाराची, आमची नव्हेत. झाडू पालिकेचा, रस्ता पालिकेचा, मुकादम पालिकेचा, फक्त कामगार तेवढा परका. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली हे कंत्राट म्हणजे निव्वळ देखावा ठरवला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पाठोपाठ आणखी ५८० कामगारांचे प्रकरण आले. त्यांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निवाडा न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये उचलून धरला. शहराच्या एका वर्गाची स्वच्छता दुसऱ्या वर्गाला गुलामीत ठेवून साधता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

जिंकल्यानंतरचा भाग कमी छापला गेला. कायम करायचे तर यादीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले पाहिजे. ठेकेदाराच्या माणसाने घाईत लिहिलेली नावे, कुठे वडिलांचे नाव गळलेले, कुठे आडनावाचे स्पेलिंग निराळे. दलित वस्तीतून आलेला, अनेकदा अंगठा उठवणारा कामगार ते स्पेलिंग तपासणार कुठून? सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकलेली माणसे पडताळणीच्या खिडकीशी अडकली आणि काहींनी नोकरी पदरात पडण्याआधीच जगाचा निरोप घेतला.

नियमाचा कागद वाचावा कसा, याचा धडा मे २०२४ च्या एका निकालात आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणात एक महिला पतीच्या निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर लागली. पहिल्या विवाहापासूनचे एक मूल होते. पुनर्विवाहानंतर दोन मुले झाली. तिसऱ्याच्या वेळी तिने प्रसूती रजा मागितली, तर उत्तर आले की दोनहून अधिक हयात मुले असल्याने रजा नाही. न्यायमूर्ती अतुल चांदूरकर आणि न्यायमूर्ती जितेंद्र जैन यांनी हा नकार रद्द केला. पहिले मूल नोकरीत येण्याआधीचे आणि दुसऱ्या वेळी तिने रजा घेतलीच नव्हती. हा नियम नोकरीच्या काळात दोनदा प्रसूतीचा लाभ देण्यासाठी आहे. लोकसंख्येला आळा घालण्यासाठी केलेला नाही. आस्थापना विभागाने फक्त मुले मोजली होती.

मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्यापुढे आलेल्या प्रकरणावर मात्र अजून वाद आहे. एका प्रशिक्षण सत्रात सहकारी महिलेच्या लांब केसांवरून वरिष्ठाने शेरा मारला आणि जुने हिंदी गाणे गुणगुणला. अंतर्गत समितीने त्याला लैंगिक छळाचा दोषी धरले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. आरोप जसेच्या तसे खरे मानले तरी हे वर्तन कायद्यातल्या व्याख्येत बसते का, याचा विचारच समितीने केला नव्हता, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. स्त्रियांच्या संघटनांना हा निकाल रुचला नाही आणि त्याची कारणे उघड आहेत. पण देशभरच्या कार्यालयांतल्या समित्यांनी यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी : अहवालात निष्कर्ष लिहून भागत नाही, तो कसा निघाला हेही लिहावे लागते. अर्धवट अहवाल शेवटी तक्रार करणाऱ्या बाईच्याच विरुद्ध जातो.

आणि एसटीचा संप कसा विसरता येईल? २०२१ च्या दिवाळीपासून लाल गाड्या आगारात उभ्या होत्या. महामंडळाचे राज्य सरकारात विलीनीकरण करा, ही मागणी. न्यायालयाने समिती नेमवली, समितीने विलीनीकरणाला नकार दिला. एप्रिल २०२२ मध्ये तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले आणि संपात भाग घेतला म्हणून कोणाला बडतर्फ करू नका, असे महामंडळाला बजावले. मूळ मागणी मान्य झाली नाही, पण परतीची वाट सन्मानाची राहिली. गावाकडच्या फलाटावर सकाळची पहिली गाडी पुन्हा लागली ती या मधल्या मार्गामुळे.

नक्कल

निकाल लागतो तेव्हा तो अर्धाच लागलेला असतो. उरलेला अर्धा नक्कल हातात आल्यावर सुरू होतो. दिवाणी न्यायालयात डिक्री मिळवलेल्या पक्षकाराला पुन्हा ‘दरखास्त’ करावी लागते, बेलिफाच्या मागे फिरावे लागते. फौजदारीत सुटकेचा आदेश कारागृहाच्या दारापर्यंत पोहोचावा लागतो. औद्योगिक न्यायालयातला निवाडा मालक वरच्या न्यायालयात नेतो आणि कामगाराचे वय वाढत राहते. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तालुक्याच्या बाररूममध्ये आज वकील मंडळी जुन्या कलमाशेजारी पेन्सिलीने नवा आकडा लिहीत बसलेली दिसतात.

अंतराचा प्रश्न थोडा सुटला आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठीची सर्किट बेंच चार दशकांहून अधिक काळ मागितली जात होती. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. सावंतवाडीच्या माणसाला एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे, मुक्कामाचा खर्च निराळा. आता तो संध्याकाळी घरी परत येऊ शकतो.

भाषेचे अंतर तेवढेच आहे. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. त्याच अनुच्छेदात राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने दुसरी भाषा वापरू देण्याची सोय आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी हिंदीसाठी ती वापरली. महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांतले जबाब मराठीत होतात, पंचनामे मराठीत असतात, वर जाताना त्यांचे भाषांतर होते आणि निकाल इंग्रजीत खाली येतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू असावी की नाही, हा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही ठिकाणी उर्दू राहिली. फलकावरच्या दुसऱ्या भाषेसाठी एवढी झुंज झाली. निकालपत्रावरच्या पहिल्या भाषेसाठी तेवढी कोणी केल्याचे दिसत नाही.

म्हणून न्यायालयाच्या आवारात रोज दुपारी एक दृश्य दिसते. खिडकीवरून नक्कल घेऊन आलेला माणूस झाडाखाली उभ्या असलेल्या ज्युनिअर वकिलाला गाठतो. तो पहिली चाळीस पाने तशीच उलटतो, शेवटचे पान काढतो, डोळ्यांनी एकदा वाचतो आणि मग मराठीत सांगू लागतो. ऐकणारा मान हलवत राहतो. सांगून झाले की तो कागद परत हातात घेतो आणि त्यावर आपले नाव नीट लिहिले आहे का, ते बोट ठेवून पाहतो.